पदके मोजता, तर उद्दिष्टेही मोजा

प्रति,
मा. कुलगुरू, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाचे सदस्य आणि अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर.

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाने खेळावर खर्च कशासाठी करावा आणि आज तो कशासाठी होतो, हे दोन प्रश्न जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना, क्रीडाशिक्षकांना, प्राचार्यांना आणि आपल्यालाही लेखी विचारले जावेत, उत्तरे मोजली जावीत आणि निकाल सर्वांसमोर ठेवला जावा, ही मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. मागायचे म्हणावे असे स्वतःसाठी काही उरलेले नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

नोकरीत असताना क्रीडा अहवाल मीच लिहायचो, त्यामुळे त्याचा साचा तोंडपाठ आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत किती संघ उतरले, विद्यापीठाच्या संघात किती जणांची निवड झाली, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत कुठपर्यंत मजल गेली, ‘अश्वमेध’ या राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवात हाती काय लागले. खाली नव्या ट्रॅकसूटमधला फोटो. राज्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाचा अहवाल उघडा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. घाम गाळून मिळवलेले पदक मोजलेच पाहिजे आणि त्याचा फोटोही छापलाच पाहिजे. पण तो अहवाल वाचून एखाद्या पालकाने विचारले, ‘सर, या वर्षी खेळात जे करायचं ठरलं होतं ते झालं का?’, तर त्या पानावर उत्तर सापडत नाही. कारण काय करायचे ठरले होते, ते पानावर नसतेच.

चार्ल्स पेरो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये संस्थांच्या उद्दिष्टांबद्दल एक भेद मांडला. काही उद्दिष्टे जाहीर असतात. ती माहितीपुस्तिकेत छापलेली आणि व्यासपीठावरून बोलली जातात. काही उद्दिष्टे प्रत्यक्ष कारभारात असतात. पैसा आधी कुणाला मिळाला, कुणाचा अर्ज टेबलावर पडून राहिला, कोणत्या कामाला माणूस दिला आणि कोणत्या कामाला ‘बघू’ म्हटले, यावरून ती ओळखायची. आपल्याकडे ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे जाहीर उद्दिष्ट प्रत्येक महाविद्यालयाच्या भिंतीवर आहे. प्रत्यक्षातले उद्दिष्ट कळायला मात्र खरेदीची यादी पाहावी लागते. रोज संध्याकाळी खेळायला येणाऱ्या पोरांसाठी व्हॉलीबॉल आणि जाळी घ्यायची, की विभागीय स्पर्धेला जाणाऱ्या बाराजणांना ब्लेझर शिवायचा? दोन्ही खर्च योग्य आहेत. पैसे मात्र एकाचेच असतात, आणि त्या सहीबरोबर महाविद्यालयाचे उद्दिष्ट ठरून जाते. ते ठरले आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशी उद्दिष्टे मोजता येतात का? येतात. आणि हे काम पद्धतशीरपणे करणाऱ्यांत आपल्याच देशातून गेलेला एक माणूस पुढे होता, हे आपल्या क्षेत्रातल्या तरुण शिक्षकांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. पॅकियनाथन चेल्लादुरै मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून आलेले, बास्केटबॉलचे माणूस. पुढे कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात असताना त्यांनी इंग्लिस आणि डॅनिलचुक या सहकाऱ्यांबरोबर १९८४ मध्ये विद्यापीठीय खेळाचे अग्रक्रम मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. त्यात नऊ उद्दिष्टे होती: प्रेक्षकांची करमणूक, देशाच्या क्रीडाविकासाला हातभार, पैसा, संस्कृतीचा वारसा पुढे नेणे, खेळाडूच्या करिअरच्या संधी, जनसंपर्क, खेळाडूची वैयक्तिक वाढ, संस्थेची प्रतिष्ठा आणि अव्वल दर्जाची कामगिरी. पुढे २००० मध्ये ट्रेल आणि चेल्लादुरै यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना अशाच रीतीने विचारले. तिथे विद्यापीठाच्या सामन्यांना स्टेडियम भरते, तिकिटे खपतात, दूरचित्रवाणीचा पैसा येतो. तरीही दोन्ही गटांनी खेळाडूच्या जडणघडणीच्या उद्दिष्टांना कामगिरीच्या उद्दिष्टांपेक्षा जास्त महत्त्व दिले.

ती यादी जशीच्या तशी उचलून केगावला, आपल्या विद्यापीठाच्या आवारात, आणू नये. करमणूक आणि पैसा ही उद्दिष्टे आपल्याकडे जवळजवळ गैरलागू. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला कुणी तिकीट काढून येत नाही. उलट करिअर हा शब्द सोलापूर जिल्ह्यात वेगळ्याच अर्थाने जिवंत आहे. पहाटे पाचला नेहरूनगरच्या मैदानावर जा, कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात जा, नाहीतर माढा, मोहोळ, सांगोल्याच्या कुठल्याही कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत जा. अंधारात पोरे-पोरी धावताना दिसतील. मुले सोळाशे मीटर, मुली आठशे, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. ही पोलीस भरतीची शारीरिक चाचणी आहे. यातले कितीतरी जण आपल्याच महाविद्यालयांचे विद्यार्थी असतात, दरवर्षी क्रीडा शुल्क भरतात आणि आठवड्यातले सहा दिवस मैदानावर असतात. ते कुठल्याच क्रीडा अहवालात नसतात. कारण ते कुठल्या संघात नाहीत, आणि भरतीत पास झाले तरी कुणी त्यांची नोंद ‘क्रीडा विभागाचे यश’ म्हणून करत नाही.

मी म्हणत नाही की विद्यापीठाने भरतीचे क्लास काढावेत. विद्यार्थ्यांना शंभर गुण वाटायला दिले तर करिअरवर ते किती ठेवतील आणि प्राचार्य किती ठेवतील, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. या दोन आकड्यांत मोठी दरी निघाली तर ती आपण सर्वांनी पाहिली पाहिजे.

शंभर गुण वाटायला द्यायचे, यावर माझा भर आहे. ‘हे उद्दिष्ट किती महत्त्वाचे वाटते: कमी, मध्यम, अत्यंत’ अशी प्रश्नावली काढली तर निकाल आत्ताच सांगतो. सगळ्यांना सगळेच अत्यंत महत्त्वाचे वाटेल. पदक नको असे कोण लिहील? चारित्र्य नको असे कोण लिहील? पण हातात शंभरच गुण असले आणि प्रतिष्ठेला तीस दिले की इतरांसाठी सत्तरच उरतात, मग माणूस विचार करून लिहितो. आणि एकाच कागदावर दोन रकाने हवेत: ‘कशाला किती असावे’ आणि ‘आज कशाला किती दिले जाते असे तुम्हाला दिसते’. पहिला रकाना मनातला, दुसरा अनुभवातला. सगळे मर्म या दोहोंमधल्या अंतरात आहे. प्रश्नावलीवर नाव नको, महाविद्यालयाचेही नको. फक्त गट, तालुका आणि मुलगा की मुलगी एवढेच. आणि ती भरून घेताना क्रीडाशिक्षक समोर उभा नको. ज्याच्या हातात संघनिवड आहे त्याच्यासमोर कुठला खेळाडू खरे लिहील?

आता नॅकबद्दल, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेबद्दल. प्रत्येक प्राचार्यांच्या मनात नॅक असतेच, म्हणून हा विषय टाळून चालणार नाही. मूल्यांकनात विद्यार्थी-साहाय्याच्या निकषाखाली मागच्या पाच वर्षांतली क्रीडा आणि सांस्कृतिक पदके मोजली जातात. तिथे एक सूचना आहे, जी क्रीडाविभागाबाहेरचे लोक सहसा वाचत नाहीत: सांघिक प्रकारातले पारितोषिक एकच धरायचे. वैयक्तिक प्रकारात धावलेल्या एका मुलाचे एक पदक म्हणजे एक. खो-खोच्या संघातल्या डझनभर मुलींनी मिळून जिंकलेले विजेतेपद, तेही एक. मोजणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा नियम समजण्यासारखा आहे, नाहीतर सांघिक खेळांची संख्या फुगली असती. पण सोलापूर जिल्ह्यावर त्याचा काय परिणाम होतो ते पाहा. आपली मुळे खो-खो आणि कबड्डीत आहेत. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरसारख्या गावाने खो-खोला किती खेळाडू दिले! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. आणि इकडे महाविद्यालयाचा हिशेब असा की डझनभर मुलींचा संघ वर्षभर घडवण्यापेक्षा दोन धावपटू शोधून आणले तर तक्त्यात दुप्पट पदके दिसतात. या हिशेबाने कुणी मुद्दाम खो-खो बंद करत नाही. क्रीडाशिक्षक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, मैदानाच्या कडेला इमारत उठते आणि खांब उपटले जातात. ‘संस्कृतीचा वारसा पुढे नेणे’ या उद्दिष्टाला आपण शंभरातले किती गुण देतो, हे आधी लिहून ठेवलेले असते तर इमारतीच्या नकाशावर सही करताना कुणीतरी थबकले असते.

नॅक जे मोजते ते नॅकच्या कामासाठी. महाविद्यालयांची तुलना करायला कुठेही सारखाच मोजता येईल असा आकडा लागतो. पण बाहेरच्याने लावलेले माप हेच आपले उद्दिष्ट होऊन बसले, तर मग अधिसभा कशाला आणि क्रीडा मंडळ कशाला? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने क्रीडा व शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ दिले, ते काही फक्त स्पर्धांचे वेळापत्रक मंजूर करायला नव्हे.

याच जिल्ह्यातले आणखी एक उदाहरण देतो. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. आधी मैदानी खेळांची, भालाफेक-गोळाफेकीची खेळाडू. क्रिकेटकडे ती पुण्यात शिकत असताना गांभीर्याने वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने एका टी-ट्वेंटी डावात १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली. तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती, पदवीचे वय कधीच मागे पडलेले. अशी खेळाडू पदवीच्या तीन वर्षांत कुठल्या रकान्यात बसते? पदकाच्या रकान्यात बसेलच असे नाही. ‘खेळाडूची वाढ’ नावाचा रकाना असेल, त्यात ‘खेळ बदलून पाहण्याची संधी मिळाली का’, ‘पदवीनंतरही खेळत राहिली का’ असे प्रश्न असतील, तरच ती दिसते. असे प्रश्न विचारायला पदवीनंतर तीन वर्षांनी विद्यार्थ्याला एक फोन करावा लागतो. तेवढी व्यवस्था आपण उभी करू शकतो.

कुणाला विचारायचे, यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण सर्वेक्षणे इथेच फसतात. विद्यापीठाच्या संघात निवडलेल्यांना विचारले तर उत्तर चांगलेच येणार. व्यवस्था त्यांना लाभली म्हणूनच ते तिथे आहेत. विचारायला हवे ते सोडून गेलेल्यांना. पहिल्या वर्षी मैदानावर आलेली आणि दुसऱ्या वर्षी न दिसलेली मुले-मुली. त्यातही मुली. खेड्यातून येणाऱ्या मुलीचा सराव पाचला सुरू होतो आणि गावाकडची शेवटची एसटी साडेसहाला असते. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास होता. पदवीला आली की तो संपतो आणि सवलतीचा असला तरी विकतचा पास येतो. ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव २०१९ पासून आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांच्याच नावाची सवलत ती विद्यापीठाच्या दारात पाऊल ठेवते तेव्हा थांबते. माझी एक विद्यार्थिनी क्रॉस कंट्रीत फार चांगली पळायची. दुसऱ्या वर्षी तिने मैदान सोडले. विचारले तेव्हा म्हणाली, ‘सर, पळायचं काही नाही, घरी पोचायचं कसं ते सांगा.’ प्राचार्यांना सांगून सराव सकाळी घ्यायचा प्रयत्न केला. सकाळी तासिका होत्या आणि महाविद्यालयाने वेळापत्रक हलवले नाही. तिने खेळ सोडला याची नोंद कुठेही झाली नाही. सोडून जाणे मोजायला आपल्याकडे रकानाच नाही.

म्हणून पाच गट करावेत असे सुचवतो. खेळणारे विद्यार्थी, कधीच न खेळलेले विद्यार्थी, खेळ सोडलेले विद्यार्थी, क्रीडाशिक्षक आणि संचालक, आणि निर्णय घेणारे म्हणजे प्राचार्य, संस्थाचालक, मंडळाचे व अधिसभेचे सदस्य. कधीच न खेळलेल्यांना कशाला विचारायचे, असे वाटेल. क्रीडा शुल्क तेही भरतात. शिवाय राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आलेल्या पदवीच्या नव्या रचनेत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यात खेळ व तंदुरुस्तीही आहे. म्हणजे खेळ आता निवडक संघांपुरता राहिलेला नाही. गटांची सरासरी मात्र एकत्र काढू नका. प्राचार्य प्रतिष्ठेला चाळीस देतील आणि विद्यार्थी दहा, त्याची सरासरी पंचवीस लिहिली की दोघांचेही म्हणणे पुसले जाते.

या सगळ्याला जोड द्यायची ती हिशेबाची. लोक काय म्हणतात हा एक पुरावा, पैसा कुठे जातो हा दुसरा. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या क्रीडा खर्चाच्या बाबी त्याच उद्दिष्टांखाली मांडा: प्रवास आणि दैनिक भत्ता, किट, सराव शिबिरे, मैदानाची देखभाल, साहित्य, पंचांचे मानधन, बक्षीस समारंभ. काही बाबी दोन उद्दिष्टांत विभागाव्या लागतील, थोडा वाद होईल, होऊ द्या. ‘खेळाडूची वाढ’ या उद्दिष्टाला सगळ्यांनी मिळून सर्वांत जास्त गुण दिले आणि त्याखाली सर्वांत कमी रुपये निघाले, तर पुढच्या अर्थसंकल्पात काय करायचे ते कुणी सांगावे लागणार नाही.

माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांची भीती वेगळी आहे. ते म्हणतात, उद्दिष्टे-बिद्दिष्टे मोजत बसलो तर पदकांची भूक मरेल, आधीच आपण मागे आहोत. मला ती भीती खरी वाटत नाही. खेळात देशात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो आणि अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. तिथे खेळाडूंना प्रवेशापासून वसतिगृहापर्यंत सर्व काही एका उद्दिष्टाभोवती बांधलेले असते. त्यांनी उद्दिष्ट ठरवले आणि पैसा त्याच्या मागे लावला. आपले विद्यापीठ २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून वेगळे झाले, ते या एका जिल्ह्यासाठी. अकरा तालुके, त्यातले बरेचसे कोरडवाहू, शेतकऱ्यांची, विडी कामगारांची, यंत्रमागावर राबणाऱ्यांची मुले. आपण तीस-चाळीस खेळांत थोडे थोडे धावायचे, की चार खेळांत खोल उतरायचे आणि उरलेले बळ रोज मैदानावर येणाऱ्या सामान्य मुला-मुलींसाठी लावायचे, हा निर्णय कधीतरी घ्यावा लागेल. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. पण माझ्या मतावर विद्यापीठ चालू नये, म्हणूनच मोजा म्हणतो.

आणि एका जिल्ह्याचे विद्यापीठ असण्याचा इथे फायदाच आहे. चार-पाच जिल्ह्यांत पसरलेल्या विद्यापीठाला हे काम जड जाईल. आपल्याला करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची महाविद्यालये एका सत्रात होतील. शारीरिक शिक्षणाचे आणि समाजशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रकल्प म्हणून हे करू शकतील. निकाल मराठीत, दोन पानांत, तालुकानिहाय छापून प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावावा. दर तीन वर्षांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत पुन्हा विचारावेत. प्रश्न बदलले की तुलना संपते, म्हणून पहिल्या वेळी शब्द नीट निवडा. खेळाडूंच्या एका लहान गटाला आधी वाचून दाखवा आणि जे कळले नाही ते पुन्हा लिहा.

माझी विनंती अशी की क्रीडा मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, प्रश्नावलीचा मसुदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी तयार व्हावा आणि निकालाचा तक्ता अर्थसंकल्पाच्या अधिसभेत क्रीडा खर्चाच्या पानाला जोडून ठेवावा. खेळ सोडलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचणे हे यातले सर्वांत किचकट काम आहे. त्यासाठी जुन्या हजेरीवह्या चाळाव्या लागतील आणि गावोगाव जावे लागेल. आम्ही काही निवृत्त क्रीडाशिक्षक तालुके वाटून घेऊन हे काम मानधनाशिवाय करायला तयार आहोत. मंडळाने कळवावे, आम्ही सोमवारपासून सुरू करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक
सोलापूर